टेकाडावरचे अठरा गोटे

रस्त्याकडेला झाडाखाली शेंदूर फासलेला नवा दगड दिसला, की आजही माझी गाडी आपोआप हळू होते. बायको म्हणते, "रिटायर झालात ना? आता देवांची तरी चौकशी सोडा." पण त्या एका प्रकरणाने लावलेली सवय काही सुटत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी असतानाची ही गोष्ट. कुणाचं नाव लिहिणार नाही, गावाचंही नाही.

आमच्या हद्दीतून तुमसरकडे जाणारा रस्ता रुंद होत होता. रस्ता हवाच होता, याबद्दल माझ्या मनात कधीच दुमत नव्हतं. चिखल्याच्या खाणीतून येणारे मॅंगनीजचे ट्रक, राईस मिलला निघालेल्या धानाच्या ट्रॉल्या आणि कॉलेजच्या मुलामुलींनी गच्च भरलेली एसटी, हे सगळं एकाच चिंचोळ्या डांबरावरून चालायचं. अपघाताचा पंचनामा न करता आमचा आठवडा क्वचितच जायचा.

नव्या रस्त्याच्या आखणीत गावाबाहेरचं एक मुरमाड टेकाड येत होतं. त्या टेकाडावर दगडांची वर्तुळं आहेत. मांडीएवढ्या उंचीचे दगड गोलाकार मांडलेले, मधे नुसतं गवत. पुरातत्त्व खात्याच्या मते ही अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची दफनं. गावाच्या तोंडी मात्र एकच नाव, टेकाडावरचे गोटे. त्यातलं अठरा दगडांचं एक वर्तुळ बरोबर नव्या रस्त्याच्या मधोमध होतं. खात्याने तेवढ्या तुकड्याचं काम थांबवलं, फोटो काढले, नकाशा केला आणि गावातलाच एक माणूस रोजंदारीवर चौकीदार म्हणून ठेवला.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते. लेकी माहेरी येतात, पाहुणे जमतात, दंडारीचं लोकनाट्य रंगतं आणि दुपारनंतर शेताशिवारात चिटपाखरू उरत नाही. त्या गावची मंडई बुधवारी झाली. गुरुवारी सकाळी टेकाडावर वर्तुळाच्या जागी अठरा खड्डे होते.

तक्रार घेऊन पहिला ठाण्यात आला तो त्या तुकड्याचं काम घेतलेला उपकंत्राटदार. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात टाईप केलेला अर्ज. चौकीदाराने मंडईचा मोका साधून दगड गावात पायव्यासाठी दिले, दोन तर त्याच्याच अंगणात पडले आहेत, असं त्यात लिहिलं होतं. मी जीप काढली. चौकीदाराच्या मोरीजवळ खरोखरच दोन मोठे दगड होते. त्याची बायको म्हणाली, "ते कपडे धुवाचे गोटे हायत जी! लग्न होऊन आली तवापासून त्याच्यावरच धुऊन राहिली मी." मी ऐकलं नाही. दगड वरून घासून गुळगुळीत झाला होता, हे बघायला दुर्बीण लागत नव्हती. पण समोर आयता आरोपी असला की पोलिसाची नजर जरा आखूड होते. मी त्या माणसाला साऱ्या गल्लीदेखत जीपमध्ये बसवलं.

नागपूरहून पुरातत्त्व खात्याच्या अधिकारी बाईंचा फोन आला. त्यांची फिर्याद घेऊन मी चोरीचा आणि नासधुशीचा गुन्हा दाखल केला. बाई घाईत होत्या. "साहेब, सोमवारी संयुक्त पाहणी आहे. वरचे दगड उपसले तरी खालचं दफन अजून शाबूत असणार. दगड मिळाले तर फोटोवरून जागच्या जागी बसवता येतील आणि रस्ता बाजूने वळवायला सांगता येईल. नाही मिळाले तर मी दाखवू काय? काम सुरू होईल." म्हणजे माझ्याकडे चार दिवस होते. आणि चौकीदाराकडेही चारच दिवस होते, कारण सोमवारी त्याची नोकरी तर जाणार होतीच, वर कपाळी चोर हा शिक्का बसणार होता.

चौकीदार पन्नाशीचा माणूस. बौद्ध कुटुंबातला. शर्टाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली. बाकावर ताठ बसला होता. मी चढ्या आवाजात विचारलं, "दगड कुठे आहेत?"

"मले मालूम असतं तं मीच घेऊन नसतो आलो का जी?"

"जागा सोडून मंडईत काहून गेलास?"

"पोरगी सासरहून आली होती. दोन घंटे गेलो. चुकी झाली, ते कबूल करतो. चोरी नाही कबूल करत."

मी टोमणा मारला, "एवढा जीव होता तर देव म्हणून पुजत होतास की काय?"

"आमच्या घरी गोट्याले हात जोडत नाही, साहेब. पण सांभाळाले देल्ला तं सांभाळला." मग तो बोटांवर मोजू लागला. खात्याचे नंबर त्याच्या लक्षात राहत नव्हते, म्हणून त्याने प्रत्येक दगडाला नाव ठेवलं होतं. बसलेला बैल. पाटा. दोघी जावा, म्हणजे एकमेकींना टेकलेले दोन. कुबडा. मोडका दात, ज्याचा वरचा उजवा कोपरा तिरपा तुटलेला आणि तिथे पांढरी शीर दिसते. "त्याले गावच्या बाया धानाच्या रोवणीच्या आधी शेंदूर लावते, पऱ्ह्याच्या रोपाची जुडी ठेवते. बाकीच्याले कोणी नाही पुसत." अठराच्या अठरा त्याने म्हणून दाखवले. बाजूला उभा बीट हवालदार हसत होता. मीही हसलो, पण घडाघडा म्हणून दाखवलेलं ते सगळं माझ्या डोक्यात बसलं. चोरलेल्या वस्तूचं असं वर्णन चोर करत नाही. संध्याकाळच्या आत मी त्याला घरी सोडलं, मात्र संशय पुरता सोडला नव्हता.

उपकंत्राटदार गुरुवारी दुपारी आला, शुक्रवारी सकाळी आला, शुक्रवारी दुपारी पुन्हा आला. प्रत्येक वेळी एकच प्रश्न, "चौकीदाराला अटक केली का?" दगड सापडले का, असं त्याने एकदाही विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एक ताडलं आहे. खरी काळजी असलेला माणूस गेलेल्या वस्तूचं विचारतो. ज्याला कुणाच्या तरी माथी खापर फोडायचं असतं, तो फक्त त्या माथ्याचं विचारतो. पण नुसत्या विचारपुशीवर आरोपपत्र होत नाही.

शनिवारी सकाळी हजेरीच्या वेळी बीट हवालदाराने नेहमीच्या सुरात सांगितलं, "साहेब, फाट्यावर नवा देव बसला. झेंडा लागला, नारळ फुटून राहिले. नोंद करू का?" रस्त्याच्या जागेत नवं धार्मिक स्थळ उभं राहिलं, की ठाण्याला खबर द्यायची असते, पुढे वाद नकोत म्हणून. एरवी मी 'कर नोंद' म्हणून पुढच्या विषयाला लागलो असतो. त्या दिवशी विचारलं, "कधी बसला?"

"मंडईच्या दिवशी म्हणतेत."

मी डोक्यावर टोपी ठेवली आणि निघालो. फाट्यावर मोहाच्या झाडाखाली शेंदराने माखलेला दगड. दोन उदबत्त्या, हळद, फुलं. मी बूट काढून जवळ गेलो, वाकून पाहिलं. वरचा उजवा कोपरा तिरपा तुटलेला. शेंदराच्या थराखालून पांढरी शीर डोकावत होती. मोडका दात!

समोर एका बाईंची चहाची टपरी होती. मी चहा मागितला आणि सहज म्हणालो, "मावशी, देव पावतो का?"

"पावते तं! तीन दिवसात माह्या दुकानाचे नारळ सरले."

"आणलं कोणी त्यांना?"

"टिप्परवाल्यानं. गाडी थांबवली, चप्पल काढली, चौघा-पाचाले हाका मारल्या आन् हळूच उतरवला जी, म्हातारं माणूस उतरवावं तसा. पयला नारळ त्यानंच फोडला, माह्याच दुकानातला. रडून राहिला होता बापा."

"गाडीचा नंबर?"

"मले कायचा नंबर समजते? मांगच्या फाळक्यावर मोर हाय. लय सुंदर मोर हाय."

दुपारच्या आत हवालदाराने मोर शोधून काढला. ड्रायव्हर आंधळगावकडचा, चाळिशीचा, कपाळाला टिळा, गळ्यात माळ. मी आवाज चढवला नाही. त्याला चहा दिला, मग जीपमध्ये घालून फाट्यावर नेलं आणि त्या दगडासमोर उभं केलं. म्हणालो, "मला काही सांगू नकोस. ह्याच्यावर हात ठेव आणि ह्याला सांग, की तुला ह्यातलं काही माहीत नाही."

त्याने हात पुढे केला. बोटं दगडापाशी येऊन थबकली. मग तो तिथेच खाली बसला. "नाही ठेवत साहेब. मले लेकरं हायत."

त्याने सांगितलं ते असं. मंडईच्या दुपारी उपकंत्राटदाराने स्वतः उभं राहून मशीनने दगड उपसले. तीन टिप्पर भरले. हुकूम होता, सगळे गोटे क्रशरला टाका, गिट्टी करा, नामोनिशाण राहायला नको. "माह्या गाडीत शेंदूरवाला निघाला. साहेब, देव क्रशरमधी कसा टाकू? हातच नाही धजला. मंग बाकीचे दोघं म्हणाले, एका देवाच्या संगतीचे बाकीचे बी देवच असन. क्रशरवर गेलोच नाही आमी. शेटले सांगतलं, गिट्टी झाली."

"मग सतरा कुठे आहेत?"

"चला, दाखवतो."

पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, पण आरोपीने स्वतः दाखवून दिलेला मुद्देमाल टिकतो. मी दोन पंच बोलावले, त्याचं निवेदन त्यांच्यासमोर लिहून घेतलं आणि मगच गाडी हलवली. तलावाच्या पाळीमागे मुरूम काढून सोडलेला एक जुना खड्डा होता. मजुरांनी वरची माती ओढली आणि पहिला दगड दिसला, पाठीचा उंचवटा आणि पुढे झुकलेली मान. हवालदार ओरडला, "साहेब, बसलेला बैल!" तो आधी हसला होता ना, त्याच हवालदाराच्या तोंडी आता नावं होती. पाटा निघाला, कुबडा निघाला, दोघी जावा निघाल्या. मी चौकीदाराला आणवलं. तो खड्ड्यात उतरला, एकेकावर हात ठेवत गेला आणि वर बघून म्हणाला, "सतरा. आन् फाट्यावरचा एक. पुरे झाले, साहेब." त्या क्षणी मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वर्दीत होतो म्हणून मिशीवरून हात फिरवला, एवढंच.

उपकंत्राटदाराला तिथेच बोलावून घेतलं. तो रुबाबात आला, खड्ड्यात डोकावला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "पण हे तर क्रशरला गेले होते!"

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. हवालदाराने खोकला काढला. मी म्हणालो, "बसा शेठ, आता निवांत बोलू." त्याला अटक झाली, मशीन जप्त झाली. तिन्ही ड्रायव्हर पुढे माफीचे साक्षीदार म्हणून कोर्टात उभे राहिले आणि एकही फुटला नाही.

सोमवारी संयुक्त पाहणीला रस्त्याचे अधिकारी आले, तेव्हा टेकाडावर ओळीने सतरा दगड मांडलेले होते आणि अधिकारी बाई फोटोंची फाईल घेऊन उभ्या होत्या. खड्ड्यांच्या खाली मूळ थर हललेला नव्हता. रस्ता बाजूने वळवायचं तिथल्या तिथे ठरलं. पुढे त्या वर्तुळाचं रीतसर उत्खनन झालं, काळी-तांबडी मडकी आणि लोखंडी कुऱ्हाडी निघाल्या.

राहिला मोडका दात. तो मुद्देमाल, पण फाट्यावरचे भक्त सोडायला तयार होईनात. टपरीवाल्या मावशी तर कमरेला पदर खोचून उभ्या. "देव नेता तं माह्या दुकानाचं काय?" बंदोबस्त लावू का, असं हवालदार विचारत होता. मी त्याऐवजी गावच्या रोवणीच्या बायांना निरोप धाडला. पंधरा-वीस जणी आल्या. त्यातली सर्वांत वयस्कर आजी दगडाजवळ गेली, तुटक्या कोपऱ्यावरून हात फिरवला आणि फाट्यावरच्या लोकांना म्हणाली, "आमचा हाय हा. पाहुणा म्हणून आला, चार दिस राहिला, तुमी चांगलं केलं. आता त्याले घरी जाऊ द्या." पाहुण्याला अडवून ठेवणं कुठल्या गावाच्या रीतीत बसतं? मावशींनी स्वतः शेवटचा नारळ फोडला.

कोर्टाच्या परवानगीने दगड खात्याच्या ताब्यात दिला, सुपूर्तनाम्यावर सह्या झाल्या. पण गावाने तो नेला आपल्या पद्धतीने. दंडारवाले ढोलकी घेऊन आले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धानाच्या तणशीवर, पेंढ्याच्या गादीवर, दगड, स्टेअरिंगवर तोच मोरवाला ड्रायव्हर, पुढे आमची जीप. कापलेल्या धानाच्या बांध्यांमधून मिरवणूक टेकाडावर पोचली. मुद्देमालाची वाजतगाजत मिरवणूक मी नोकरीत एकदाच पाहिली.

दगड चौकीदाराने उभे करून घेतले. "कुबड्याचं तोंड तलावाकडं. हां, आता सरळ." शेवटी मोडका दात बसला. बायांनी शेंदूर लावला. चौकीदार बाजूला हाताची घडी घालून उभा होता. मी सगळ्या गावासमोर त्याच्याजवळ गेलो आणि मोठ्याने म्हणालो, "मी तुम्हाला साऱ्यांदेखत गाडीत बसवलं होतं. चूक माझी होती. माफी मागतो." ढोलकी थांबली. त्याच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला.

त्याने हाताची घडी सोडली. मग म्हणाला, "ठाण्यात बसवलं म्हणून तं अठरा नावं तुमाले सांगता आली, साहेब. नाहीतर कोण ऐकत होतं?"

मला या प्रकरणाने काय शिकवलं ते सांगतो. मी समजत होतो की जुन्या जागा कायदा राखतो. कायदा मागून आला. आधी एकाने हात न जोडता ते दगड रोज मोजले, आणि दुसऱ्याने हात जोडून ते क्रशरपासून वाचवले. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलंही नव्हतं. मी फक्त पंचनामा केला.

माझी पदकं कपाटात आहेत, वर्षातून एकदा बायको पुसते. मला बघायला आवडतं ते त्या रस्त्यावरचं वळण. सरळ सुसाट आलेली तुमसरची एसटी टेकाडापाशी वेग कमी करते आणि वर्तुळाला जागा देऊन बाजूने जाते. मागच्या महिन्यात मी त्याच एसटीत होतो. खिडकीतून चौकीदार दिसला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, गोट्यांमधून फिरत होता. मी हात हलवला. त्याने पाहिलं नाही, तो मोजत होता.