बंद दाराला घातलेल्या प्रदक्षिणा

माझ्या सासऱ्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं माझ्या हट्टापायी गेली. देवाच्या कृपेविषयी लिहायला बसले आहे खरी, पण हे आधी कबूल केल्याशिवाय पुढचं लिहिण्याचा मला अधिकार नाही. त्या दिवसापर्यंत देवाधर्माशी माझं फारसं सख्यही नव्हतं.

बाबा साताऱ्याहून आमच्याकडे म्युनिकला आले होते. फेब्रुवारीतला शनिवार, नवरा कामात, म्हणून मीच त्यांना ट्रेनने डोंगराकडे फिरायला नेलं. तासाभराची सोपी पायवाट होती. बर्फ भुरभुरायला लागला तेव्हा ते म्हणाले, "पोरी, परत फिरूया." मी हसून म्हटलं, "अहो बाबा, ही जर्मनी आहे. इथे झाडाझाडावर खुणा असतात, माणूस हरवत नाही." सहा वर्षं इथे राहिल्याचा तोरा होता तो. पाऊण तासात खुणा बर्फाने झाकल्या, आमची पावलंही बुजली आणि गारठ्याने माझा फोन बंद पडला.

भटकत भटकत एका छोट्या प्रार्थनाघरापाशी पोचलो. दाराला कुलूप. मी भिंतीला टेकून, फोन जाकिटात धरून रडत बसले. बाबा मात्र भिंतीभोवती फिरायला लागले. गावी दर शनिवारी मारुतीला अकरा प्रदक्षिणा घालणारा माणूस. "देव आतच आहे ना, मग झालं," म्हणाले. बऱ्याच वेळाने माझं लक्ष गेलं. त्यांचे बूट दारापाशी नीट जोडून ठेवले होते आणि ते नुसत्या मोज्यांवर बर्फात चालत होते.

मी किंचाळलेच. नको नको ते बोलले, 'खेडवळ' हा शब्दही तोंडून गेला. ते ओशाळले. "देवाभोवती बूट घालून कसं फिरायचं गं?" एवढंच म्हणाले आणि ओल्या मोज्यांवर बूट चढवले. मग मला गुंगी येऊ लागली, थंडीही वाटेनाशी झाली. त्यांनी दंडाला धरून मला उठवलं. "बसायचं नाही. चल, माझ्याबरोबर फेऱ्या घाल." किती घातल्या कोण जाणे. मी थांबले की ते ओढायचे, आणि तोंडाने मारुतीचं नाव चालूच.

दिवस कलायला लागला तेव्हा झाडांतून एक वयस्कर बाई स्कीवर आल्या. त्यांनी आम्हाला थर्मासमधला चहा पाजला, फोन करून बचावपथक बोलावलं. नेहमीच्या वाटेवर झाड पडलं होतं म्हणून त्या इकडून आल्या होत्या. "खरं तर या वाटेने मी कधीच येत नाही," हे त्यांनी दोनदा सांगितलं. यात देव किती नि योगायोग किती, मला ठाऊक नाही. मी फक्त हात जोडले.

हिमदंश झालेली बाबांची दोन बोटं वाचली नाहीत. ते साताऱ्याला परतेपर्यंत माफी मागायचं धाडस मला झालं नाही. परवा फोनवर अखेर मागितली. ते म्हणाले, "अगं, मी तिथे फक्त तुझा जीव मागत होतो. बोटांचं सांगायचं राहूनच गेलं बघ." आणि हसले.

मला हसता आलं नाही. भिंतीला टेकून मीही देवाला हाका मारल्या होत्या. त्यांत बाबांचं नाव एकदाही नव्हतं. तरी त्याने दोघांनाही परत आणलं. आता मी हात जोडते आणि काय द्यायचं ते त्याच्यावरच सोडते.