गेजमध्ये एक मिळवा

माझ्या भाऊजींना कॉलेजात सगळे 'आरकाका' म्हणायचे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक. R म्हणजे वायूचा स्थिरांक. दाब, आकारमान, तापमान आणि वायू किती, या चौघांची मोट बांधणारा आकडा. दाब मोजायचं एकक बदललं की R चा आकडाही बदलतो. मुलांनी भलताच आकडा घातला की भाऊजी कपाळावर हात मारायचे, "अरे, मामाला काका म्हणतोस होय!" दुसरं त्यांचं पालुपद: "दाबाचं गेज बाहेरच्या हवेचा दाब दाखवत नाही. तो एक, मिळवा!" ताई म्हणायची, "ती R माझी सवत आहे गं."

ही ताई माझी सख्खी मोठी बहीण. दोन वर्षांपासून तिची फुप्फुसं आकसत चालली होती. घरात विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन होतं, म्हणून ती होती. त्या दिवशी दुपारी दीडच्या जरा आधी कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला. मशीन बंद, लिफ्ट बंद आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. अँब्युलन्सवाले म्हणाले, दोन-तीन तास तरी गाडी नाही. राहता राहिला पलंगाखालचा दहा लिटरचा सिलिंडर. तो जोडला तेव्हा दीड वाजला होता आणि त्याच्या गेजचा काटा तीसवर होता.

भाऊजींनी सिलिंडरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "चारपर्यंत पोचतो. तीस गुणिले दहा, तीनशे लिटर. मिनिटाला दोन लिटर सोडा, अडीच तास जातील."

"अहो, गेजमध्ये एक मिळवायचा असतो!" भाऊजी त्याच्यावरच डाफरले. मग वर्तमानपत्राच्या कडेला गणित मांडलं. दाब एकतीस. तापमान सत्तावीस, त्यात दोनशे त्र्याहत्तर. खाली R. इतके मोल, म्हणजे तीनशे दहा लिटर. "चार वाजून पाच मिनिटं," ते म्हणाले. सरळ गुणाकाराने भागलं असतं, पण R घातल्याशिवाय या माणसाला गणित पचायचंच नाही.

ताईला चार लिटर लागायचे. दोनवर आणल्यावर तिच्या नखांचा रंग बदलला. अडीच तास आम्ही नुसते गॅसवर होतो. भाऊजी तिचा हात धरून पलंगाच्या कडेला बसले होते, उठलेच नाहीत. दर थोड्या वेळाने ती विचारायची, "किती राहिलं?" आणि ते मिनिटं सांगायचे. मला त्यांचा राग येत होता. बाई गुदमरतेय आणि हा माणूस आकडे सांगतोय! पण त्या आकड्यांवरच ती तग धरून होती, हेही दिसत होतं.

चारला दोन मिनिटं कमी असताना खाली हॉर्न वाजला. सिलिंडरवाला एकटाच होता, अवजड सिलिंडर जिन्याने एकट्याने आणणं शक्य नव्हतं आणि माझे गुडघे हे असे. भाऊजींनी घड्याळ बघितलं. "सात मिनिटं आहेत. पाचात वर येतो," म्हणाले आणि ताईच्या बोटांतून हात सोडवून धावत गेले.

चारच्या ठोक्याला नळीवरच्या काचेतली, वायू वाहतोय हे दाखवणारी गोळी खाली बसली. मी सिलिंडर हलवला, चावी पूर्ण फिरवली. काही नाही. जिन्यात लोखंड आपटल्याचा आवाज येत होता, दुसऱ्या मजल्यावर असतील. मी ओरडले, "भाऊजी, धावा हो!" ते चार वाजून तीन मिनिटांनी दारात आले. नवा सिलिंडर जोडला, गोळी वर उडाली, पण श्वास घ्यायला ताई नव्हती.

आठवड्याने त्यांचं त्यांनाच उमगलं. आतला दाब खोलीतल्या हवेइतका झाला की उरलेला वायू बाहेर येतच नाही. मिळवलेला तो एक सिलिंडरातच राहतो. दहा लिटर. पाच मिनिटं. "मोजला बरोबर गं," ते मला म्हणाले, "पण तो तिचा नव्हता." आणि भिंतीवर डोकं आपटून घ्यायला लागले. मी आणि शेजाऱ्यांनी धरलं.

आता भेटले की एकच विचारतात, "शेवटी काही म्हणाली का गं?"

"नाही हो भाऊजी. डोळा लागला तो लागलाच."

साफ खोटं. चादरीवर हात फिरवत ती त्यांची जागा चाचपत होती. "हे कुठे गेले?" तीनदा विचारलं तिने. तिसऱ्यांदा नुसते ओठ हलले.