अक्काची भुरी

आज सकाळी अक्का गेली, आणि मला रडू यायच्या आधी एक म्हैस आठवली.

फोन भाच्याचा होता. "मावशी, आई गेली." एवढंच बोलला.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिला निमोण्याच्या अंगणवाडीत पाहिलंय, पोरांना खिचडी वाढताना, त्यांच्यावर ओरडताना.
मला सातवीतली अक्का सांगायचीय.

बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या एका शेतकऱ्याची म्हैस व्याली आणि मेली. मागं राहिलेलं रेडकू "हे काय जगत न्हाई" म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं.
अक्कानं ते मागून आणलं. चिंधी पेजेत बुडवायची आणि त्याच्या तोंडात द्यायची. अंगानं भुरकट, म्हणून नाव भुरी.

भुरी जगली. मोठी झाली. पहिल्यांदा गाभण राहिली. आता घरात दूध येणार म्हणून आम्ही खूश.

आणि विहिरीच्या कामावर आबांच्या, म्हणजे आमच्या वडलांच्या, पायावर दगड पडला.

दौंडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाय ठेवायचा तर लगेच ऑपरेशन करावं लागंल. आई तिथंच अडकलेली. तिनं निरोप धाडला, "भुरीला जत्रंत न्या. वरवंडचा मामा तिथं येतोय, सौदा त्योच करंल."

अक्का भुरीला धुवायला घेऊन गेली.

जत्रा भीमेच्या पलीकडं. गावातल्या बैलगाड्यांच्या मागं आम्ही चालत निघालो. अक्का पुढं दावं धरून, मी मागं काठी घेऊन. अक्का सातवीत होती, मी दुसरीत.

नदीला गुडघाभर पाणी. भुरी मधोमध गेली आणि खाली बसली.

उठेचना! गाड्या पलीकडं चढल्या, दिसेनाशा झाल्या. मला रडू फुटलं.
"अक्का, जत्रा संपंल गं. आबांचा पाय..."
"गप. तू रडलीस की ती घाबरती."

भुरी उठली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

जत्रेत पोचलो तर मामा नाही.

लिंबाखाली उभ्या राहिलो. लोक यायचे, भुरीचे दात बघायचे, कास बघायचे, विचारायचे, "संगं मोठं कोण हाय?" आणि पुढं जायचे.
शेवटी अक्का मामाला बघायला एसटीच्या थांब्याकडं गेली. मला म्हणाली, "दावं सोडायचं न्हाई."

ती नजरेआड झाली आणि एका दलालाचा माणूस आला. "चालवून बघतो जरा," म्हणत त्यानं माझ्या हातातून दावं ओढून घेतलं आणि गर्दीत शिरला.

मी किंचाळत मागं धावले. नुसती शिंगंच शिंगं. भुरी कुठंच नाही.

माझा आवाज ऐकून अक्का पळत आली. शोधत गेलो तर भुरी त्या दलालाच्या दावणीला बांधलेली.

"आमची म्हस सोडा," अक्का म्हणाली.
"सोडायची कशाला? घेतोच की इकत," दलाल म्हणाला.

तेव्हा बाजारात किंमत तोंडानं बोलत नसत. उपरण्याखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. त्यानं उपरणं पुढं केलं. मग थांबला.

"कुणाच्या गं तुम्ही?"
"निमोण्याच्या."
"निमोण्यात कुणाच्या?"
"बौद्धवाड्यातल्या."

त्यानं हात मागं घेतला. शेजारचे दोघं हसले.
"देतो तेवढं घ्या आन् जावा घरी."

अक्कानं भुरीच्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली,
"हात नका लावू. तोंडानं बोला. काय देताय ते समद्यांना ऐकू यिऊ द्या."



दलालानं उपरणं परत खांद्यावर टाकलं. चारचौघांत बोलण्यासारखा त्याचा आकडाच नव्हता.

मघाशी लिंबाखाली भुरीला बघून गेलेले राहूचे एक म्हातारे शेतकरी पुढं आले. "मी बोलतो, पोरी." आणि बोलले. मागनं आणखी एकानं वर चढवला. म्हातारे परत चढले.

अक्कानं विचारलं, "मारणार न्हाई ना तिला?"
"घरात तीन सुना हायती. त्या मला मारू देतील व्हय?"

मग ती बोलतच सुटली. भुरी काय खाते, कान कुठं खाजवायचा, पाण्यात बसली की काठी उगारायची नाही. म्हातारे सगळं ऐकून घेत होते.

मामा संध्याकाळी आला. एसटी बंद पडली होती. झालेलं ऐकून त्यानं पैसे दोनदा मोजून घेतले. मग तसेच आम्ही दौंडला दवाखान्यात.

आबांचा पाय वाचला. लंगडायचे, पण अक्काच्या लग्नात दारात उभं राहून सगळ्यांना या म्हणाले.

खूप वर्षांनी मी तिला विचारलं होतं, "तुला भ्या न्हाई वाटलं गं?"
"पाय लटलट कापत व्हते. म्हशीला टेकले व्हते म्हणून पडले न्हाई."

मी वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेय. अंत्यविधी चार वाजता, निमोण्याला. पोचते की नाही या टेन्शनमध्ये हे लिहितेय. भाचा म्हणतो, "मावशी, सावकाश ये, तू आल्याबिगर उचलणार न्हाई."

अक्का, निघालेय गं मी.
जय भीम.