आठ मागण्यांचे कारखानीस

कारखानिसांना जेवायला बोलावलं की त्या दिवशी घरच्यांना भांडी घासावी लागत नसत. शेवटचा घास गिळून ते उठत, बाह्या दुमडत आणि यजमानीणबाई "अहो, राहू द्या" म्हणेपर्यंत सिंकमध्ये कोपरापर्यंत बुडालेले असत. सौदीतल्या अल-खोबरला पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा माझी बायको सुनंदा अगदी ओशाळून गेली. कढई खरवडता खरवडता त्यांनी तिला समजावलं, "वहिनी, आमच्या म्हाताऱ्यानं लंडनच्या हॉटेलात हेच केलं. ज्यानं साहेबाची उष्टी ताटं बघितली, त्याला साहेबाची भीती राहत नाही."

हा म्हातारा म्हणजे व्हिएतनामचा तो बकरदाढीवाला कम्युनिस्ट पुढारी, ज्यानं फ्रेंचांना देशाबाहेर घालवलं. कारखानीस मूळचे नाशिकचे, आमच्या कंपनीत ड्राफ्ट्समन, पन्नाशी उलटलेले आणि एकटे. तरुणपणी लाल झेंडा घेऊन हिंडलेले. सौदीत तसलं पुस्तक बाळगणं म्हणजे भलतंच धाडस, म्हणून म्हाताऱ्याचं चरित्र त्यांनी पंपांच्या कॅटलॉगच्या कव्हरात घालून आणलं होतं. मला ते 'मध्यमवर्ग' म्हणत. "काय मध्यमवर्ग, चहा आहे का?" असं दारातूनच. मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

मग कुवेतवरून युद्ध पेटलं आणि इराकची स्कड क्षेपणास्त्रं आमच्या दिशेला येऊ लागली. त्यांत विषारी वायू असेल, अशी सगळ्यांना धास्ती. आम्ही बेडरूमच्या खिडक्या चिकटपट्ट्यांनी बंद केल्या, दाराखाली ओला टॉवेल कोंबला. पट्ट्या लावल्या कारखानिसांनीच. स्वतःच्या खोलीच्या लावायचा मात्र त्यांना कंटाळा आला, त्यामुळे सायरन झाला की ते वरच्या मजल्यावरून धावत आमच्याकडे येत. आमची सहा वर्षांची मिठू रडायला लागे आणि लगेच म्हाताऱ्याची गोष्ट सुरू होई.

ती गोष्ट सांगायची त्यांची पद्धत अशी होती की क्षेपणास्त्राचं भान राहू नये. म्हातारा गुहेत लपला म्हटल्यावर हे स्वतः पलंगाखाली शिरत आणि तिथून क्रांतीचे हुकूम सोडत. शेवटच्या मोठ्या लढाईत फ्रेंच खाली दरीत बसलेले आणि व्हिएतनामी लोक सायकलींवर रसद लादून डोंगर चढताहेत, हा प्रसंग तर त्यांनी एका संध्याकाळी मिठूच्या तीनचाकी सायकलीवर केला. सायकलीवर दोन उशा, माझी ब्रीफकेस आणि प्रेशर कुकर. पलंग आणि कपाट यांच्यामधून ते ओणवे होऊन ती ढकलत होते, कुकरची शिटी पडत होती आणि मिठू फ्रेंच सेनापती होऊन उशीवरून शरण येत होती. सुनंदाला हसून हसून ठसका लागला. धोका टळल्याचा भोंगा होऊन वीस मिनिटं झाली तरी आम्ही आतच होतो.

पण त्या खोलीत माणसं चार होती आणि मास्क दोन. कंपनीनं मास्क वाटले ते इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्यावर. प्रत्येक इकाम्याला एक. बायकापोरांची नावं नवऱ्याच्याच इकाम्यात लिहिलेली, म्हणून त्यांना वेगळा मास्क नाही. एक कारखानिसांचा, एक माझा. मी तो मांडीवर घेऊन बसायचो. वायू खरंच आला तर तो सुनंदाला लावायचा की मिठूला, हे मला ठरवता येत नव्हतं. आणि समोर कारखानीस पलंगाखालून हुकूम सोडत असायचे.

त्यांनीही ते पाहिलं असणार. एका दुपारी ते कंपनीला अर्ज लिहायला ड्रॉइंगचा मोठा कागद घेऊन आले. म्हातारा तरुण असताना, पहिल्या महायुद्धानंतर, म्हणे भाड्याचा सूट घालून पॅरिसला बड्या देशांपुढे आठ मागण्या घेऊन गेला होता. त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग आपण तरी कशाला अर्ज करायचा, असं मी विचारलं.

"सुरुवात अर्जानंच करायची, मध्यमवर्ग. नाहीतर पुढे आपण चिडलो की ते म्हणतात, आधी सांगायचं होतंत."

आमची मागणी एकच होती: माणशी एक मास्क. पण आठच हव्यात, हा त्यांचा हट्ट. मग उरलेल्या सात जमवायला आम्ही बसलो. मेसची डाळ दाट करा, लोणचं बदला, पोरांना कॅरमबोर्ड द्या, लिफ्टमध्ये आरसा लावा. सुनंदानंही दोन सांगितल्या. अर्ज द्यायला जाताना त्यांनी घातलेला सूट माझ्या लग्नातला, त्याच्या बाह्या त्यांच्या मनगटाच्या चार बोटं वर. त्यात कंपनीचा पर्सोनेल मॅनेजर निघाला फ्रेंच. "शेवटी फ्रेंचच," असं म्हणत ते इतके खुलले की बोहल्यावर चढायला निघाल्यासारखे ऑफिसात शिरले.

तीन दिवसांनी उत्तर आलं. मागणी क्रमांक दोन ते आठ मंजूर, पहिली नामंजूर. संध्याकाळी कॅरमबोर्ड आलासुद्धा. कारखानीस पोरांबरोबर खेळले, राणी घेतली, बोटांवरची पावडर झटकली आणि म्हणाले, "आता चिडायला हरकत नाही."

सौदीत संप करणं हा गुन्हा होता, म्हणून आम्ही संप केला नाही. मास्क जवळ नसेल तर प्लँटच्या गेटातून आत सोडायचं नाही, असा कंपनीचाच नियम होता. शनिवारी सकाळी आमच्या इमारतीतले आम्ही चाळीस जण मास्क बायकापोरांपाशी ठेवून, डबे घेऊन गेटवर हजर झालो. कारखानिसांनी आपला मास्क मिठूला दिला होता. आम्ही कामाला आलोय, आत घ्या, असं ते सेफ्टीवाल्याला अत्यंत अदबीनं सांगत होते आणि तो बिचारा नियमाचा कागद दाखवत होता. दुपारी तिथेच फूटपाथवर डबे उघडले. सेफ्टीवाल्यालाही आम्ही थालीपीठ दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर स्वतः गेटवर आला. त्याच्या हातात आमचा अर्ज होता. हा कुणी लिहिला, एवढंच त्यानं विचारलं. मागण्या आम्ही सगळ्यांनी मिळून काढल्या होत्या. मी पुढे व्हायला हवं होतं. मी बुटांकडे बघत राहिलो, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

"अक्षर माझं आहे," कारखानीस म्हणाले.

खलास. दुपारपर्यंत कंपनीकडे ठेवलेला त्यांचा पासपोर्ट कायमच्या एक्झिटचा, म्हणजे देश सोडण्याचा, शिक्का घेऊन आला. आमच्याकडचा विमानतळ बंद होता, म्हणून दुसऱ्या सकाळी जेद्दाची बस. बसपाशी मी त्यांची बॅग हातात धरून उभा राहिलो. ते मात्र सहलीला निघाल्यासारखे मजेत होते आणि वहिनींच्या लाडवांचा डबा कुठे ठेवायचा याचीच त्यांना काळजी. तेवढ्यात, इमारतीतल्या पोरांमुळे हिंदीच बोलणाऱ्या मिठूनं त्यांचा हात ओढला.

"अंकल, दाढीवाले दादाजी जीत गए क्या?"

ते तिच्यासमोर उकिडवे बसले. "जिंकले. फ्रेंच गेले. पण सगळा देश एक व्हायला आणखी पुष्कळ वर्षं लागली, आणि त्याच्या आधीच ते गेले."

"तो फिर उनको किसने बताया?"

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते बसमध्ये चढले.

दोन दिवसांनी कंपनीच्या ट्रकमधून खोकी आली. माणशी एक. मिठूचा मास्क तिला मोठा होता, सुनंदानं त्याचा पट्टा दोरा घालून आवळला. मग आम्ही तिघं मास्क लावून सोफ्यावर बसलो, कॅमेऱ्याचा टायमर लावून फोटो काढला आणि तो मी नाशिकला पाठवला. सोबत चिठ्ठी नव्हती.

महिन्याभरानं, युद्ध संपल्यावर, त्यांचं कार्ड आलं. ड्राफ्ट्समनच्या त्या सरळ, कोरीव अक्षरात दोनच ओळी होत्या:

"फोटो पोचला. तिघांपैकी एकाचाही चेहरा दिसत नाही. इतका सुंदर फोटो मी आयुष्यात पाहिलेला नाही."