बुवांचा स्वच्छ आवाज

माझा नवरा डबलबारीचा बुवा. दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात, एकाने गाऊन डिवचायचं, दुसऱ्याने गाऊन परतवायचं, आणि हे पहाटेपर्यंत चालायचं. गावाप्रमाणे मीही त्यांना बुवाच म्हणते, फक्त त्यात आदर किती आणि टोमणा किती हे त्या त्या दिवसावर अवलंबून असतं. हल्ली आमची मुंबईकर मंडळी बारी ठरवण्याआधी रेकॉर्डिंग मागतात. ते काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बुवांना मोबाइलवर आलेला फोन उचलण्यापलीकडे काही येत नाही.

आमची पद्धत अशी. दुपारी नांदगावची गाडी भोंगा वाजवून गेली की पंखा बंद करायचा, कोंबड्या परसात हाकलायच्या आणि बुवांनी पेटीवर गजर म्हणायचा. मग पखवाजवाले भावजी हेडफोन लावून, तो गजर ऐकत, त्यावर पखवाज वाजवायचे. भावजी म्हणजे बुवांचे शाळेपासूनचे दोस्त. आयुष्यभर एकाने गायलं, दुसऱ्याने वाजवलं. झांज शेवटी. अ‍ॅपमध्ये प्रत्येकाची पट्टी वेगळी. आवाज बेताचा असला की पट्टी हिरवी, मर्यादेबाहेर गेला की लाल. एकेक बघितली की छान, हिरवीगार. सगळ्या एकत्र करून फाइल एक्सपोर्ट केली की लाल, आणि आवाज फाटलेला.

मी चिडायचे, बुवा खूश व्हायचे. "फाटाक व्हयो गो," म्हणायचे, "कर्ण्यातून फाटता, तोच बारीचो आवाज." जन्मभर स्वतःला कर्ण्यातून ऐकलेला माणूस, त्याच्याशी काय डोकं लावणार?

यंदा मुंबईहून निरोप आला की मागचं रेकॉर्डिंग ऐकवत नव्हतं, या वेळी स्वच्छ पाठवा. मला ते झोंबलं. मग मी हात धुऊन त्याच्या मागे लागले. चुकत चुकत एवढं कळलं की आवाजांची बेरीज होते. लग्नघराच्या दारातून एकेक पाहुणा नीट आत येतो. सगळे एकदम घुसले की चौकट हलते. म्हणून प्रत्येक पट्टी आधीच खाली घ्यायची, वर जागा मोकळी ठेवायची. एक्सपोर्ट करताना आवाज आपोआप मोठा करण्याची जी सोय असते, ती बंद ठेवायची. आणि बुवांच्या तोंडाला चिकटलेला फोन चांगला दोन हात लांब ठेवायचा. यावरून आमचं भांडण झालं, ते मी जिंकले.

तरी काही जागी लाल येतच राहिलं. बघितलं तर दर वेळी ओळीच्या शेवटी, आणि दर वेळी पखवाज. भावजी तिथे जोरात थाप घालत होते, तीही जराशी आधीच. वयाने हात जड झाला असेल म्हणून मी हसले. तेवढ्या तेवढ्या जागी पखवाज खाली घेतला आणि पुन्हा एक्सपोर्ट केलं. लाल कुठे नाही. मोठ्या ऐटीत हेडफोन लावून तांदूळ निवडायला बसले.

ओळ पुरी होत नव्हती. शेवटचं अक्षर बुवा गिळत होते आणि त्यानंतर श्वास ओढल्याचा आवाज येत होता, लांब, घरघरणारा. पुढच्या ओळीला तेच. त्याच्या पुढच्या ओळीलाही. आजवर ती जोरदार थाप बरोबर त्याच्यावर पडत होती आणि माझं फाटकं एक्सपोर्ट उरलंसुरलं झाकत होतं.

मी सूप तसंच टाकून भावजींकडे गेले. ते गोठ्यापाशी होते. मी विचारताच त्यांनी मान खाली घातली.

"वयनी, माका वाटला तुमका ठावक आसा. शिमग्यापासून हा. तोच म्हणालो, माजो दम सुटता थंय तू थाप घाल."

देवगडला कलमं बघायला म्हणून दोघे गेले होते, ते डॉक्टरकडे. फुप्फुसं कामातून गेलीत, बारी बंद करा, नाहीतर एक दिवस गाता गाता बसल्या जागी संपाल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. मला राग आला, इतका की भावजींना नको ते बोलले. पण खरा राग माझाच मला होता. हा श्वास रोज माझ्या शेजारी झोपत होता आणि मी त्याला पित्त समजून जिऱ्याचं पाणी देत होते.

घरी येऊन मी बुवांच्या कानाला हेडफोन लावले. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं.

"पयल्यासारख्या कर," म्हणाले.

"करतंय. मग जावा मुंबयक आणि मरा थंय."

त्यांनी पेटीच्या पट्ट्यांवरून नुसती बोटं फिरवली. मग म्हणाले, "नको. ह्याच धाड. आयकतले ते. आयकान काय ता तेच ठरवतले."

तेव्हा मला त्यांचं मन कळलं. नाही हा शब्द त्यांच्या तोंडून निघणार नव्हता. तो मुंबईकरांनी म्हणावा, अशी त्यांची आशा होती. मी फाइल पाठवली. संध्याकाळपर्यंत ते फोन जवळ घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. बुवा नेहमी स्पीकरवर बोलतात. "बुवा, एक नंबर!" पलीकडचा ओरडला. "इतका खणखणीत आवाज पहिल्यांदा ऐकला. सगळ्यांनी ऐकला. बारी पक्की."

ओळीच्या शेवटचा तो श्वास कोणालाच ऐकू आला नव्हता.

"माका," बुवा म्हणाले आणि थांबले. श्वास ओढला. "माका ह्या वर्सा..." पुन्हा थांबले.

"बुवा, आवाज तुटतोय तुमचा. रेंज नाही वाटतं तिकडे."

बुवांनी माझ्याकडे बघितलं. इतकं केविलवाणं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

"होय," ते म्हणाले, "रेंज नाय."

मी त्यांच्या हातातून फोन घेतला. तहसील कचेरीत बोलावं तशी शुद्ध भाषा माझ्या तोंडी आली. "रेंज चांगली आहे," मी म्हटलं, "त्यांना दम पुरत नाही. ते आता बारी करणार नाहीत."

आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदा कोणीतरी मोठ्याने म्हटलं, आणि ते मी म्हटलं. बुवा समोरच बसले होते.