अण्णांच्या नावाची जागा

मच्छिंद्र शेतातून घरी निघाला की अर्ध्या वाटेवरून एकदा तरी परत फिरायचा. मोटारीचं बटण बंद केलं की नाही, ते हाताने चाचपल्याशिवाय त्याचं समाधान होत नसे. बटण नेहमी बंदच असे. बायको म्हणायची, "एक दिवस ते बटन काढून खिशातच ठेवा, म्हंजे जेवण तरी निवांत होईल." असा हा माणूस संस्थेचा सचिव झाला, तो केवळ अक्षर बरं होतं म्हणून.

संस्था म्हणजे वडीगोद्रीतल्या हमरस्त्यावरच्या दोन खोल्या. आसपासच्या वस्त्यांवर सातवीपुढे शाळा नव्हती, मुली घरी बसत. वडीगोद्रीच्या उषाबाईंना मूलबाळ नव्हतं. त्यांनी घराच्या पुढच्या दोन खोल्या अशा मुलींना राहायला दिल्या. मच्छिंद्रची नंदा तिथेच राहून आठवी शिकत होती. पण उषाबाईंच्या पुतण्यांना त्या जागेत टायरचं दुकान टाकायचं होतं. उषाबाई थकत चालल्या होत्या. "मी हाये तवर खोल्या संस्थेच्या नावावर करून घ्या. माझ्यामागं ते पोरींच्या वळकट्या रस्त्यावर फेकतील," त्या म्हणाल्या. त्यासाठी आधी संस्थेची नोंदणी व्हायला हवी होती, आणि नोंदणीला सात माणसं.

सात नावं लिहायची तर पहिलं, अध्यक्ष म्हणून, रखमाजी अण्णांचं. लग्नपत्रिका असो की सप्ताहाची वर्गणी, गावातली कोणतीही यादी अण्णांपासूनच सुरू व्हायची. अण्णांनी अंगठा दिला, "पोरींचं काम हाये, लांबवू नका" म्हणाले, आणि फाल्गुनात अचानक वारले. कागद अजून मच्छिंद्रच्या ट्रंकेतच होते.

तेराव्याच्या पंगती उठल्यावर मच्छिंद्रने भीत भीत विषय काढला. "अण्णांच्या जागी आता कोणाचं..."

"राख थंड झाली न्हाई अन् तू नाव खोडायला निघाला?" अण्णांचा पुतण्या कडूबा म्हणाला. तोही सातांतला. "काकूनं ऐकलं तर तिला काय वाटंल?"

ओसरीवरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मच्छिंद्रची मान खाली गेली. नाव राहिलं.

ही गोष्ट सत्याऐंशी सालची. जालना जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती, पण या कामाला मच्छिंद्रला औरंगाबाद गाठावं लागलं. धर्मादाय कचेरीतल्या कारकुनाने एकेक कागद उलटला. नियमावली ठीक होती, सातही संमतीपत्रं होती.

"पुढच्या मंगळवारी सातही जणांना घेऊन या. साहेबांसमोर ओळख पटवावी लागते. अध्यक्ष बरेच वयस्कर दिसतात. झेपेल ना त्यांना प्रवास?"

"झेपंल," मच्छिंद्र म्हणाला.

शब्द निघून गेला. अर्ध्या वाटेवरून परत येऊन चाचपावा असा तो नव्हता. परतीच्या एसटीत तो पुढचं सगळं मोजत बसला. खोटं उघडं पडलं तर खटला होईल, अर्ज फेटाळतील, उषाबाईंचे पुतणे कुलूप लावतील आणि नंदा तिची पत्र्याची पेटी घेऊन घरी येईल. तिला काय सांगायचं?

कडूबाला मात्र तोड सापडली. "आमच्या म्हाताऱ्याला नेऊ. दोघं भाऊ सारखेच. अण्णाचा फेटा बांधला की कोण वळखतो?"

कडूबाचा बाप तातेराव लगेच तयार झाला. "मला काय बोलावं लागंल?"

"काई न्हाई. इचारलं की खोकायचं."

"ते बिलकुल जमंल!"

सगळे हसले. मच्छिंद्रलाही हसावं लागलं.  वर फेटा आणायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं.

सोमवारी सकाळी तो अण्णांच्या घरी गेला. अण्णांची बायको सगुणाबाई अंगणात बाजेवर शेवया वाळत घालत होत्या.

"काकू, अण्णांचा फेटा पाह्यजे होता."

"काहून?"

मच्छिंद्र चपलेच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

"बस तिथं," सगुणाबाई म्हणाल्या. "सगळे येऊन राह्यले, चहा पिऊन जाऊन राह्यले. पण ह्यांचा विषय काढायला सगळ्यांची दातखीळ बसती. तू तरी बोल."

मग त्याने अंगठ्यापासून खोकण्यापर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं. सगुणाबाईंचा हात शेवयांवरच थांबला.

"अन् भाऊजींचं सोंग पकडलं, खोल्या गेल्या, तर दोष कोणाच्या नावाला लागंल? ह्यांच्याच ना?"

"तुम्हाला वाईट वाटंल म्हणून कोणी नाव काढंना..."

"मला इचारलं का कोणी? नवा कागद लिही. ह्यांच्या जागी मला घे. जल्दी कर, उद्या जायचं हाये. अन् फेटा पेटीतच राहू दे."

मंगळवारी मच्छिंद्र कारकुनासमोर जाऊन उभा राहिला. "साहेब, मागल्या खेपेला मी खोटं बोललो. अध्यक्ष आधीच वारले होते. हे नवे कागद."

कारकुनाने चष्मा काढला. "तो अर्ज पुढे गेला असता तर तुमच्याबरोबर मीही अडकलो असतो, कळतंय का?" तो कागद घेऊन आत गेला. सातही जण बाकड्यावर बसले; तातेरावही हट्टाने सोबत आला होता. आतून आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. तेवढ्या वेळात मच्छिंद्रने मनातल्या मनात नंदाची पेटी दोनदा घरी आणली.

शेवटी आत बोलावलं. अधिकाऱ्यांनी मच्छिंद्रकडे एकदा रोखून पाहिलं आणि यादी हातात घेतली. पहिलं नाव सगुणाबाईंचं.

"बाई, पूर्ण नाव सांगा."

"सगुणाबाई."

"पूर्ण. पतीचं नाव, आडनाव."

सगुणाबाईंनी मच्छिंद्रकडे पाहिलं. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात कधी उच्चारलं नव्हतं. "हे" आणि "आमच्या घरचे" यांवर अख्खा संसार झाला होता. मच्छिंद्रने तोंड उघडलं.

"तुम्ही नाही. त्यांनाच सांगू द्या. नाहीतर ओळख पटली असं मी कसं लिहू?"

पंखा घरघरत होता. तातेराव सवयीने खोकला आणि कडूबाने त्याला कोपरखळी मारली. मच्छिंद्र डोळे मिटून उभा होता. आता ही बाई उठून बाहेर जाणार, आणि आपण तिला इथे आणलं.

सगुणाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "सगुणाबाई रखमाजी तौर," त्या म्हणाल्या. शेजारच्या टेबलावरच्यानेही मान वर केली, इतकं खणखणीत.

"संस्था कशासाठी?"

"पोरी शिकाव्या म्हणून. अन् तिथं टायरचं दुकान होऊ न्हाई म्हणून."

अधिकाऱ्यांनी यातलं पहिलंच लिहून घेतलं.

प्रमाणपत्र जूनमध्ये मिळालं; आता खोल्या संस्थेच्या नावावर करता येणार होत्या. ते घेऊन मच्छिंद्र जिना उतरला आणि अर्ध्यातून परत वर गेला.

"आता काय?" कारकून म्हणाला.

"शिक्का हाये ना, पाहायचं होतं."

"अहो, कागद तुमच्या हातातच आहे!"

गावी आल्यावर तो घरी न जाता आधी सगुणाबाईंकडे गेला. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी प्रमाणपत्रासोबतचा यादीचा कागद मांडीवर घेतला. "कुठं हाये?"

मच्छिंद्रने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "हे तुमचं." बोट थोडं पुढे सरकवलं. "अन् हे अण्णांचं."

सगुणाबाई त्या दुसऱ्या शब्दाकडे बघत राहिल्या. मग पदराने कागदावरची धूळ पुसून म्हणाल्या, "बराबर हाये. जा आता, नंदाला सांग."