भागीआजींच्या कानातलं यंत्र

महाडहून शिवथरची एस.टी. पकडली तेव्हा माझ्या पिशवीत एक छोटी डबी होती आणि दर वळणाला मी ती चाचपत होते. आमच्या संस्थेत मी समाजसेवा सहाय्यक आहे. म्हणजे दाखले, फॉर्म, औषधं आणि पायपीट. त्या दिवशी डबीत, ऐकू येईनासं झालेल्या भागीआजींसाठी कानातलं यंत्र होतं.

शिवथरला उतरून वाडीची चढण धरली. कापणी झालेल्या खाचरांतून जाताना वाट चुकले आणि माझी ओढणी एका वईत (काट्यांच्या कुंपणात) अडकली. गवत कापणाऱ्या एका बाईंनी ती सोडवली आणि घर दाखवलं.

घरात दोघीच, भागीआजी आणि त्यांची धाकटी जाऊ सखूआजी. मुलं मुंबईला. सखूआजींनी तांदळाची भाकरी नि सुकट (वाळवलेला जवळा) वाढली, पण यंत्राचं नाव काढताच तोंड पाडलं. या वयात कशाला ते, म्हणाल्या. कारण लवकरच कळलं. काम करता करता त्या थोरल्या जावेला अखंड बोल लावत होत्या, तेही तिच्या शेजारीच बसून. भागीआजी शांतपणे भाकरी चावत होत्या.

यंत्रात सेल बसवताना तो माझ्या हातून निसटला आणि थेट तांदळाच्या सुपात पडला. तिघी मिळून तांदूळ चिवडू लागलो. सखूआजींचा हात मध्येच थांबला. मूठ मिटलेली. थोड्या वेळाने त्यांनी मूठ उघडून सेल माझ्यापुढे धरला.

यंत्र बसलं. भागीआजी वाट बघत राहिल्या. सखूआजी मात्र एकदम गप्प. मी बोलू लागणार, तोच भागीआजींनी यंत्र काढायला हात घातला.

"काय येत नाय बाय ऐकाया. बिघडलाय."

मी त्यांचा हात धरला आणि सखूआजींना खुणेनेच सांगितलं, काहीतरी बोला ना. त्यांनी पदर सारखा केला, जावेकडे बघत दोनदा घसा खाकरला.

"च्या घेशील काय गो, बाय?"

भागीआजी वळून त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"तुजा आवाज म्हातारा झाला गो, सखू."

सखूआजी उठून चुलीकडे गेल्या आणि बराच वेळ, चूल पेटलेली असतानाही, फुंकणीने फुंकत बसल्या.

चहा घेऊन उतरायला लागले तेव्हा मागे वाद सुरू झाला होता. चहात साखर कमी असल्याचा. सखूआजींचं एक वाक्य, की लगेच भागीआजींचं उत्तर. वळणापर्यंत ते मला ऐकू येत होतं.

परतीच्या एस.टी.त अहवालाचा कागद काढला. 'यंत्राचा उपयोग होतो का?' या रकान्यासमोर 'होतो' लिहिलं. आम्ही यंत्र दिलं ते एका माणसाला ऐकू यावं म्हणून. पण त्या घरात दुसरंही एक माणूस होतं, इतकी वर्षं उत्तराविना बोलत आलेलं. अशा माणसासाठी आमच्या कागदावर रकानाच नाही. मी समासात सखूआजींचं नाव लिहिलं आणि कागद घडी घालून पिशवीत ठेवला.